टेरिलिनची गाळणी

आंधळगावातले दमेकरी दोन गोष्टींवर जगत, हरिनामावर आणि सत्यभामाबाईंच्या पुडीवर. हरिनामाचा गुण उशिरा येई, पुडीचा लगेच. धोतऱ्याची पानं सावलीत वाळवायची, अडुळसा घालून पाट्यावर वाटायची, कापडातून गाळायची आणि नखभर पूड पपईच्या वाळक्या देठात भरून रोग्याला छातीत ओढायला लावायची, ही विद्या बाईंना सासूकडून मिळालेली. पैसा घ्यायचा नाही आणि पूड घेतल्यावर दही-ताक वर्ज्य, हे नियमही सासूचेच. बाई स्वभावानं तिखट. परहेज मोडणाऱ्याला त्या दारातूनच पिटाळून लावत. स्वतःची चूक त्यांनी कबूल केल्याचं मात्र गावात कुणी ऐकलं नव्हतं.

गाळायला सासूच्या वेळचं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड होतं, हातमागावरचं, जाडसर. अठ्ठ्याहत्तर साली ते विरलं, तेव्हा मुलगा दादाजी नागपूरहून टेरिलिनचा तुकडा घेऊन आला. त्यातून पूड इतकी मऊ उतरली की बाई हरखल्या. शेजारणींना बोलावून दाखवलं, "पाहा व, काजळावानी बारीक!" औषध जितकं बारीक तितकं गुणाचं, असा त्यांचा हिशेब. माप तेच ठेवलं, नखभर.

ही नवी पूड पहिल्यांदा गेली तेजराम विणकराकडे. दम्यानं पार पोखरलेला माणूस. त्याचा माग चालला तर घरात चूल पेटे. सकाळी त्यानं पूड ओढली आणि दुपारी त्याची बायको लीलाबाई रडत बाईंच्या दारात उभी राहिली.

बाई पोचल्या तेव्हा अंगणात निम्मं गाव गोळा झालं होतं. तेजराम खाटेवर बसून हवेतले तुटके धागे जोडत होता. चिमटीत धरायचा, पीळ द्यायचा, पुढचा शोधायचा. ओठ कोरडे, डोळ्यांतल्या बाहुल्या ताणून मोठ्या झालेल्या. बाईंना एका नजरेत उमगलं. जाडी पूड निम्मी घशातच अडके आणि खोकून थुंकली जाई. ही सगळीच्या सगळी छातीत उतरली होती आणि धोतरा डोक्यात चढला होता.

लोक बाईंकडे पाहत होते. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "लीला, ताक देलं काय व याले?"

लीलाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हो मावशी. देलं थोडंसं."

गावाला एवढंच पुरे होतं. लीलाबाईच्या सासूनं तिला अंगणातच शिव्यांची लाखोली वाहिली. बाईंनी तिला अडवलं नाही. तेजरामला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, तो वाचला. लीलाबाईचं नाव मात्र 'ताकवाली' पडलं ते पडलंच.

बाईंनी टेरिलिन चुलीत घातलं. तेजरामनं आपणहून नवं कोशाचं कापड विणून दिलं, वर पाया पडला. ते कापड हातात घेताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं हळदीकुंकवाला लीलाबाई आली की बाया कुजबुजत, आणि बाई तिच्या ओटीत ओंजळभर तांदूळ जास्तच घालत. तांदळानं पाप फिटत असतं तर भंडारा जिल्ह्यात पापी उरलाच नसता!

वर्षं गेली. लीलाबाईच्या मुलीचं लग्न सिहोऱ्याला ठरता ठरता मोडलं. "ताकवालीची पोरगी नको," असा निरोप आला. त्या दिवशी बाई भरल्या ताटावरून उठल्या. तशाच त्या विणकराच्या घरी गेल्या. लीलाबाई मांडीवर कोशाचा धागा वळत बसली होती.

"लीला, तुह्या ताकानं काई नाही झालं. पूड माही चुकली. मले तवाच समजलं होतं."

लीलाबाईचा हात थांबला नाही. "कोनतं ताक, मावशी? त्या दिवशी घरात ताक होतंच कुठं?"

बाई तिच्यासमोर बसल्या. "मंग हो काहून म्हनली?"

"तुमचं नाव गेलं असतं तं तुम्ही पूड करनंच सोडलं असतं. मंग यायच्या दम्यासाठी मी कोनाच्या दारी जाऊ?" आतून तेजरामच्या मागाचा आवाज येत होता. "अजूनबी लागते पूड. कोनाले सांगू नका."

बाई रडल्या. त्यांना रडताना गावात प्रथमच कुणी पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पूड मरेपावतर करीन. पन हे आता तू नको झेलू."

दुसऱ्या दिवशी सिहोऱ्याला नवऱ्या मुलाच्या बापानं अनोळखी म्हातारीला ओसरीवर बसायला दिलं आणि विचारलं, "कोन तुम्ही, बाई?"

"ताकवाली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "खरी ताकवाली मी आहो."