भट्टीवाल्या निघाल्या वाघ बघायला

दूध आटवलं की कमी होतं, किस्सा आटवला की वाढतो! आमच्या भूमच्या खव्याच्या भट्टीवर पहाटे चारला कढया चढतात. हात उलथण्याला बांधलेला असला तरी तोंड मोकळंच असतं ना! बारा वर्षांत इतके किस्से साठलेत की नवरा विचारतो, "तू खवा करायला जाती का गप्पा हाणायला?" मी म्हणते, दोन्हीला! पण ह्या वर्षी तीन दिवसांच्या ट्रिपनं जे दिलं, त्याला तोड न्हाय.

झालं असं, की भट्टीची जुनी चूल ढासळली. नवी बांधली, तर मिस्त्री म्हणाला, माती वाळेपर्यंत तीन दिवस जाळ करायचा न्हाय. तीन दिवस सुट्टी! म्हशीला रविवार नसतो, मग आमाला कुठला? आमची मालकीण आक्का, तिनं तिथंच फर्मान काढलं, "तुळजापूर करायचं, तेर करायचं, अन् येडशीच्या रानात वाघ बघायचा!" विदर्भातनं कुठला तरी वाघ चालत चालत आपल्या जिल्ह्यात आलाय, हे तवा ज्याच्या त्याच्या तोंडात होतं.

आमी पाचजणी. आक्का, मी म्हणजे सुमन, रेहानाभाभी, फोनशिवाय घास न गिळणारी नंदा, आणि शेवंतामावशी. मावशी सगळ्यात थोरली. कढई कधी उतरवायची हे तिची नजर सांगायची. "आता!" म्हणली की आता. एक उलथणं आधी न्हाय, एक नंतर न्हाय. त्या नजरेला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरनं काळा चष्मा दिला, म्हणाला महिनाभर लावा. मावशी म्हणली, "महिन्यानं एवढा गुण, तर दोन महिन्यांनी डबल!" तेव्हापासनं चष्मा काढायचं नाव न्हाय, जेवताना न्हाय अन् देवपूजेलाबी न्हाय.

निघायच्या आदल्या दिवशी आक्कानं मला बाजूला घेतलं. "सुमे, मावशीला धड दिसंना बग. काल उकळत्या कढईला धडकता धडकता वाचली. भाजली बिजली तर कुणाकुणाला तोंड द्यायचं? ट्रिपवरनं आल्यावर तिला घरी बसायला सांगावं लागंल." आणि आक्काचेच डोळे भरले. मावशीला मूलबाळ न्हाय, भट्टी हेच तिचं घर. मला तर रातभर झोप न्हाय.

*

पहिला दणका ड्रायव्हरनंच दिला.

बंडूनाना एरवी आमची दुधाची गाडी चालवतात. वीस वर्षं झाली. ट्रिपला त्यांनी भाड्याची जीप आणली, नवा शर्ट घातला, पण पाय तोच की! भूम सोडून पहिलं गाव आलं. नानांनी वडाखाली ब्रेक मारला आणि हॉर्न वाजवला, दोन लांब, एक आखूड.

"नाना, इथं काय?"

"आं? काय न्हाय." नाना ओशाळले. पण तेवढ्यात गल्लीतनं सात-आठ माणसं कॅन घेऊन पळत आली! एका म्हातारबाबांनी खिडकीतनं कॅन थेट आक्काच्या मांडीवर ठेवला.

"अवो बाबा, आमी देवाला चाललोय!"

बाबा म्हणाले, "जावा की! पण दुधाचं फॅट मोजून जावा."

पुढच्या तीन गावांत हेच. पाचव्या गावाला आक्कानं नानांचा हात हॉर्नवरनं उचलून आपल्या हातात धरला तो थेट येरमाळ्यापर्यंत. ते बघून नंदानं फोटो काढला, आणि नानांनी घरी दाखवू नको म्हणून तिला दोनदा चहा पाजला.

*

धाराशिवला दर्ग्यात फुलं वाहिली, लेण्या बघितल्या आणि मुक्कामाला तुळजापूर गाठलं. लॉजवर ऐसपैस खोली, गादीवर गादी. आक्का म्हणली, "उद्या आठपर्यंत कुणी उठायचं न्हाय!"

साडेतीनला पाचही जणी गादीवर उठून बसलेल्या! गजर न्हाय, काय न्हाय. हाताला काम न्हाय तर हात कुठं ठेवावा कळंना. शेवटी रेहानाभाभी म्हणली, "चला गे, खाली चाय तरी करू."

खाली लॉजचं स्वयंपाकघर उघडंच होतं. चहावाला पोत्यावर घोरत होता. भाभीनं गॅस पेटवला, कोपऱ्यातलं दहा लिटरचं दूध पातेल्यात ओतलं आणि हलवायला घेतलं. बाकी आमी बसलो बोलत. नंदाच्या नणंदेचा विषय निघाला. नंदाच्या नणंदेचा विषय म्हणजे काय, तास-दीड तास कुठं जातोय कळत न्हाय. हात आपला फिरतोय. भाभी दमली की मी, मी दमले की आक्का.

सहाला चहावाला डोळे चोळत आला. पातेल्यात बघितलं आणि मटकन खाली बसला.

"बाई, माझं दूध कुठाय?"

आक्का पातेल्यात बघून म्हणली, "अग्गं बया! मावशी, उतरवायचं का हे?"

चाळीस भक्तांचा चहा घोटून घोटून अडीच किलो झाला होता! आक्कानं नवं दूध आणवून दिलं, तवा तो शांत झाला. त्या दिवशी लॉजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना खोलीवर गरम खवा मिळाला. एक पुण्याचे काका तर काउंटरवर विचारत होते, "उद्या पण आहे का हो हे पॅकेजमध्ये?"

पण मला एक गोष्ट लागून राहिली. आक्कानं "उतरवायचं का?" विचारलं, तवा मावशी पातेल्याकडं बघून गप्पच राहिली. बारा वर्षांत पहिल्यांदा!

*

दर्शनाची रांग मोठी होती. मी मावशीचा हात धरून होते. आत गाभाऱ्यापाशी अंधार, गर्दी, "आई राजा उदो उदो"चा गजर. अंगावर नुसता काटा! माझं दर्शन झालं, मी वळून बघते तर मावशी भलत्याच बाजूला हात जोडून उभी. डोळ्यातनं धारा.

"आई गं, केवढं तेज! केवढी भरल्या अंगाची! हातात शस्त्र!"

समोर बंदोबस्ताची पोलीस मॅडम उभी होती. काठी घेऊन.

मॅडम बिचारी लाजून लाल. तिनं हळूच मावशीचे खांदे धरले, तोंड देवीकडं वळवलं आणि म्हणाली, "आजी, आई तिकडं हायेत. मी नुसती ड्युटीवर."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दिसली का मावशी?"

"दिसली की! न दिसायला काय झालं?"

सगळ्या हसल्या. आक्का हसली न्हाय.

*

तिथनं तेरकडं निघालो. वाटेत माळावर नाना एकदम ओरडले, "ते बगा, ते बगा!" रस्त्याच्या कडेला कोल्हा! उन्हात उभा राहून आमच्याकडं टकामका बघत होता. नंदा किंचाळली, भाभी "या अल्ला!" म्हणली, आक्का नानांवर ओरडली, "गाडी थांबवा!" आणि एवढ्या कालव्यात कोल्हा कधीच पसार.

"मावशी, दिसला का?"

"दिसला की!" मावशी जोरात म्हणली. "बाई बाई, केवढाली ती शिंगं!"

नानांनी उगाच हॉर्न वाजवला.

*

तेरला गोरोबाकाकांचं दर्शन घेतलं, विटांचं जुनं देऊळ बघितलं आणि मग म्युझियममध्ये गेलो. काचेच्या कपाटात मातीची जुनी भांडी. तिथले साहेब लई तळमळीनं सांगत होते, रोमपर्यंत इथला व्यापार चालायचा, एवढी जुनी संस्कृती, वगैरे. आक्का एका मडक्यासमोर हात मागं बांधून उभी.

साहेबांना वाटलं, बाईला इतिहासाची आवड दिसतीय. ते जवळ आले. "काय विचारायचं का ताई?"

"साडेतीन लिटर," आक्का म्हणली.

"काय?"

"बसत असंल ह्यात. पण बूड पातळ हाय, दूध खाली लागणार." मग जरा थांबून, "दोन हजार वर्षं झाली, अजून कसं कुणी सांगितलं न्हाय ह्यांना?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जाताना मात्र त्यांनी आक्काचा नंबर घेतला. अर्धा किलो खव्यासाठी!

*

तिसऱ्या दिवशी येडशी. रामलिंगाचं देऊळ दरीत, चहूकडं झाडी, आणि माकडं म्हणाल तर भक्तांपेक्षा जास्त. इतर लोकांच्या पिशव्या बघून माकडं येतात. आमच्याकडं पिशवीच न्हवती, तरी पन्नास माकडं मागं! एक तर माझा हात धरून तळवा हुंगायला लागलं. बारा वर्षं हाताला खवा, साबणानं थोडाच जातोय? भाभीच्या ओढणीचं टोक एका पिल्लानं तोंडात धरलं आणि डोळे मिटून चोखत बसलं.

"हाड! हाड!" आक्का ओरडली. आक्काच्या आवाजानं चार गडी कामाला लागतात, माकडं फक्त अजून जवळ आली.

आणि तेवढ्यात एका दांडग्या माकडानं मावशीच्या खांद्यावर उडी मारली, चष्मा ओढला आणि गेलं की वर, पार शेंड्याला! चष्मा चाटून बघितला, चव न्हाय म्हणून दिला दरीत फेकून.

झालं! आमा चौघींची पळापळ. "डोळे मिटा मावशी, डोळे मिटा!" "ऊन लागंल!" "वारं लागंल!" भाभीनं ओढणी धरली, आक्कानं मावशीचा पदर नाकापर्यंत ओढला. मावशीनं डोळे गच्च मिटले. त्या सगळ्या वाटेनं मी तिला हाताला धरून चालवली.

"सुमे," ती हळूच म्हणली, "आक्का काय म्हणली गं तुला? निघायच्या आधी?"

"काय न्हाय मावशी."

"मला ठावं हाय."

"दगड हाय, जपून," मी म्हणले.

*

दुपार कलल्यावर वनरक्षक मॅडमनी आमाला पाणवठ्याच्या मनोऱ्यावर नेलं. मॅडम आमच्याच शेजारच्या गावची लेक, म्हणून जमलं. लोखंडी जिना, वर पत्र्याचं छत, चारी बाजूनं रान. एका अंगाला पाणवठा, दुसऱ्या अंगाला दरी. मॅडम बजावून गेल्या, "आवाज करायचा न्हाय, खाली उतरायचं न्हाय. मी जिन्यात आहे, फोन तिथंच लागतो."

अर्धा तास बसलो. एक मोर आला, नंदा "अय्या!" म्हणली, मोर गेला. मग दोन रानडुकरं आली, भाभी शिंकली, ती पण गेली. वाघाचा पत्ता न्हाय. पाच वाजले. परत निघायची वेळ झाली.

नंदा म्हणली, "वाघ न्हाय तर न्हाय, सेल्फी तरी काढू. पाणवठा मागं घ्यायचा, झाडं काय भारी दिसत्यात!"

मग आमी पाणवठ्याला पाठ करून दाटीवाटीनं उभ्या राहिलो. मावशीला मधी घेतलं. तिचा पदर आता डोळ्यांवरनं खांद्यावर घसरला होता, पण ती काय फोनकडं बघंना. तोंड मागं वळवून उभी.

"मावशी, इकडं बघा!" नंदा म्हणली.

मावशी तशीच.

"मावशी, फोन हिकडं हाय! माझ्या हाताकडं बघा!"

न्हाय.

मी तिचा खांदा हलवला. "मावशी, पुढं बघा की जरा." ती दगडासारखी. हातभर लांबचा फोनसुद्धा हिला दिसंना! आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी आक्काकडं. आक्काचा हुंदका माझ्या कानाला ऐकू आला. "राहू दे नंदे," ती घोगऱ्या आवाजात म्हणली, "तसाच काढ." नंदानं दहा-बारा फोटो काढले. आमी चौघी हसतोय, मावशीचा नुसता अंबाडा, मागचा पाणवठा तर आमच्या डोक्यांनीच झाकला. मग फोटोत कोण जाड दिसतंय त्यावर पाच मिनिटं भांडलो. लई कसनुसं होत होतं, म्हणूनच भांडत होतो.

मॅडम जिन्यातनं वर आल्या. दुर्बीण डोळ्याला लावून त्यांनी पाणवठ्याकडं बघितलं आणि एकदम ताठ झाल्या.

"आत्ता इथं कोण आलं होतं?"

"कुणी न्हाय," नंदा म्हणली.

"काठावर पंजे आहेत! ओले! पाणी अजून हलतंय!" मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. "वाघ आहे! तुम्ही पाचजणी वर उभ्या आणि कुणालाच दिसला नाही?"

आमी चौघींनी एकमेकींची तोंडं बघितली. मग सगळ्या हळूहळू मावशीकडं वळलो.

मावशी पदर खोचत होती.

"मावशी," मी म्हणले, "दिसला का तुमाला?"

"आता काय सांगू," मावशी म्हणली. "तो काळा चष्मा गेला अन् समदं लख्ख दिसाया लागलं. किती लांबनं चालत आल्यालं लेकरू, पानी पीत हुतं. तुमी बोंबलला असता तर अर्ध्या घोटावरनं गेलं असतं. धा मिन्टं प्यालं. मग वर बघितलं माझ्याकडं, मिशीवरनं थेंब गळत हुतं, डाव्या बाजूला चार अन् उजव्या बाजूला तीन. उजव्या कानाला बारीकशी चीर हाय, मॅडम, लिहून घ्या."

मॅडमनी वही काढली आणि कानाची चीर आधी लिहून घेतली.

आक्कानं पदरानं नाक पुसलं, डोळे पुसले आणि परत नाक पुसलं.

"मावशी," ती खेकसली, "चूल वाळलीय. उद्या पहाटे चारला भट्टीवर. उशीर केला तर बगा!"