नकाशात नसलेली खोली

एव्हान्थियामावशींनी कवाला शहरातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायला काढलं, कारण गुडघ्यांना जिना झेपेनासा झाला होता आणि पात्रा शहरात राहणारी लेक बोलावत होती. गिऱ्हाईक मिळालं, विसार घेऊन झाला, आणि मग सगळे करतात तसं इंजिनिअरला, म्हणजे मला, शेवटी बोलावलं.

मी मंजूर नकाशा टेबलावर पसरला. "मावशी, मागच्या खोलीच्या जागी इथे गॅलरी आहे."

"होतीच की! लेक झाली तेव्हा यांनी विटा रचून बंद केली. गल्लीत कुणी नाही केली? तुझ्या आईनंही केली. तू तिथेच झोपायचास."

ते खरं होतं. पण खोली कायदेशीर करून घ्यायला काही महिने लागले असते, आणि गिऱ्हाईक महिनाअखेरीपलीकडे थांबणार नव्हतं.

"सही कर ना, शहाण्या. कोण बघायला येतंय?"

"घर नकाशाप्रमाणेच आहे, या माझ्या दाखल्याशिवाय नोटरी खरेदीखत करत नाही. खोटी सही केली, तर उद्या घेणारा आपल्या दोघांवर दावा लावेल. विसाराआधी बोलावलं असतं, तर वेळ होता. आता भिंत पाडून पुन्हा गॅलरी करायची, एवढाच मार्ग आहे."

त्यांनी मागच्या खोलीच्या भिंतीवरून हात फिरवला. त्यांचे यजमान, कै. स्त्रातोसकाका, गवंडी होते. घरात त्यांच्या हातचं या भिंतीएवढंच उरलं होतं.

"फोडून टाक," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांत भिंत गेली. धुळीत खुर्ची टाकून मावशी बसल्या. समोर अडतीस वर्षांनी बंदर दिसत होतं.

"मावशी, समुद्र बघा."

"बघितला," त्या म्हणाल्या. "घर विकल्यावर दाखवतोस होय?"