खुशाल हला, काकी

अगं, सख्खी भाची तू माझी, पण जवळ बस म्हणावं तर तू पुण्यात, आणि साधा फोन करत न्हाईस. शोभतं का हे?

आमच्या कवठ्याच्या फोटोवाल्याचं सांगायचं राहिलंच. त्याचं प्रत्येक बोलणं ‘काय हाय काकी’नं सुरू होतं. माझे हात थरथरतात, म्हणून फोटोत ते कायम पुसट. बाकीचे फोटोवाले ‘आजी, हलू नका’ म्हणून ओरडायचे. नातीच्या बारशाला मी आपली मागंच सरले. ह्यानं ते बघितलं आणि कॅमेऱ्यात कायतरी फिरवलं.

“काय हाय काकी, शटरचा वेग वाढवून पक्का करून ठेवलाय, हात हलला तरी पुसट न्हाई यायचा. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हंजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, आपोआप वाढंल. फोटोत रव्यागत दाणे दिसतील जरा. तुमी खुशाल हला, पण बाळाला घ्या.”

फोटोत बाळाभोवतीचं माझं एकेक बोट स्पष्ट आलंय. तुझ्या लेकीला घेऊन लवकर ये गं, तिला मांडीवर मीच घेणार.