फेस पातळ पडला तेव्हा

जेसल पार्कला रस्त्यालगत आमचा गाड्या धुण्याचा गाळा आहे. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा. मी एकोणीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा घरच्यांनी सुचवलं, आता आराम कर, फार तर डबे कर. डबे मला करायचे नव्हते. रत्नागिरीहून लग्न होऊन आलेल्या जावेलाही नव्हते. आम्ही गाळा भाड्याने घेतला, जोरात पाणी मारायचं मशीन आणलं आणि त्याला लावायची फोम गन. गनच्या बाटलीत शॅम्पू आणि पाणी भरायचं, की गाडीवर दाट फेस बसतो. मळ सुटला की नुसतं पाणी मारायचं.

दोन महिने सगळं नीट चाललं. मग फेस पातळ व्हायला लागला. आधी तो दारावरून सावकाश खाली सरकायचा, आता पडल्या पडल्या ओघळायचा. पूनम सागर वसाहतीतून येणारे एक निवृत्त काका गाडीशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "याला फोम वॉश म्हणता? हे तर भांडी विसळल्याचं पाणी आहे."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच मला जास्त लागलं.

जावेने शॅम्पू दुप्पट ओतला. ते घट्ट मिश्रण नळीतून वर चढेचना. मी मशीन विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"भाभीजी, शॅम्पू हमारावाला डालो," तो म्हणाला. "और घर में कोई जेन्ट्स है तो उनको फोन दो ना. मैं समझा देता हूँ."

"मशीन मैं चलाती हूँ. मुझे समझाओ."

तो म्हणाला, गन पाठवा, कारीगर आठ दिवसांनी बघेल. मी पाठवली नाही.

संध्याकाळी दीर, म्हणजे जावेचा नवरा, म्हणाला, "वहिनी, तुम्ही उघडू नका हं. काहीतरी तुटेल. मी रविवारी बघतो."

"तोपर्यंत गाड्यांचं काय?"

"बंद ठेवा की चार दिवस."

बंद ठेवा हे तो इतक्या सहज बोलला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर गेल्या गेल्या पाना हातात घेतला.

प्रयोगशाळेत मी एक गोष्ट शिकले होते. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आधी शॅम्पू पुन्हा बाटलीवर लिहिलेल्या मापाने घेतला. फेस पातळच. मग गन काढून मशीनचं पाणी नुसतं बादलीत सोडलं. जोर पहिल्यासारखाच होता, म्हणजे मशीन ठीक. बाटलीतली नळी तोंडाने फुंकून पाहिली, तीही मोकळी. राहिली गन.

पुढचा पितळी भाग सोडवला तर आतून बोटाच्या पेराएवढी तारेची जाळी निघाली. हिच्यातूनच पाणी, हवा आणि साबण घुसळून फेस होतो. जाळीवर पांढरा कडक थर बसला होता. मी जावेकडून शेजारच्या दुकानातलं व्हिनेगर मागवून त्यावर एक थेंब टाकला. थर फसफसला.

"क्षार," मी म्हटलं. "आपल्या बोअरच्या पाण्याचा. उन्हाळा लागला की तो वाढतो."

"म्हणजे गिझरमध्ये बसतो तोच ना, ताई?" जावेने विचारलं.

"तोच."

जाळी व्हिनेगरमध्ये भिजत ठेवली. गनमधून पाणी सुटतं ते बारीक भोक साफ करायला जावेने टाचणी घेतली होती, ती मी काढून घेतली. भोक जरा मोठं झालं तरी पाण्याचा जोर जातो. आम्ही तेही भिजवलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं.

दुपारी गन जोडली. फेस सुधारला, पण पुरता नाही. जाव म्हणाली, "आता पाठवूया का दुकानात?"

"नाही."

मी दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पालिकेच्या नळाचं. दोन्हींत सारखाच शॅम्पू टाकून हलवल्या. बोअरच्या बाटलीतला फेस बघता बघता बसला, दुसऱ्या बाटलीतला तसाच उभा राहिला. मग गनच्या बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि जावेच्या हातात गन दिली. तिने समोरच्या भिंतीवर मारली. फेस भिंतीला चिकटून राहिला. तिने पुन्हा मारली, मग उगाच तिसऱ्यांदा.

"ताई, हे आपण केलं," ती हळूच म्हणाली.

रविवारी दीर हत्यारांची पिशवी घेऊन आला. तेव्हा एक काळी गाडी फेसाखाली पूर्ण झाकली गेली होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"कोणी दुरुस्त केलं?"

"आम्ही," जाव म्हणाली.

"तरी आतून एकदा बघायला पाहिजे."

"बघा," मी म्हटलं, "पण अर्ध्या तासात जोडून द्या. अजून तीन गाड्या यायच्यात."

त्याने गन हातात घेतली, पितळी भागाकडे जरा वेळ पाहिलं आणि न उघडताच परत दिली.

मशीनला पाणी अजून बोअरचंच आहे, त्यामुळे दर शुक्रवारी जाळी भिजवावी लागते. ते काम आता जाव करते, मला विचारत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं, की आमच्या मागे गाळ्यात डोकावून विचारतं, "मालिक किधर है?" जाव गन खाली न ठेवता सांगते, "बोलिए. हम दोनों हैं."