रिहाबचा बाप

अमेरिकी सैन्याच्या हेरखात्यात भरती झालेल्या पोरांना वाटतं, आता काळा चष्मा मिळणार. मिळतो झाडू. घरादाराची चौकशी पूर्ण होईपर्यंत ती छावणीतलं गवत कापतात, संडास घासतात. मग वर्गात बसून अहवाल लिहायला शिकतात, आणि एक शब्द जास्त पडला म्हणून तोच अहवाल पुन्हा लिहितात. सगळ्यात शेवटी त्यांना एका लहानशा खोलीत पाठवतात. तिथे टेबलापलीकडे कैदी बसलेला असतो आणि त्याच्याकडून माहिती काढायची असते. तो कैदी म्हणजे आम्ही, पगारावर सोंग घेणारे.

ॲरिझोनाच्या या रखरखाटात आम्हा इराकी लोकांना दुसरं काम कोण देणार होतं? मोसुलमध्ये मी शाळामास्तर होतो, इथे मी कधी कैदी, कधी दुभाषा. सबरी मोसुलमध्ये माझ्याच गल्लीत राहायचा. तिथे त्याचं काचेच्या भांड्यांचं दुकान होतं, आणि इथे तो रोज पकडला जायचा. आम्ही त्याला अबू रिहाब म्हणायचो, म्हणजे रिहाबचा बाप. आमच्याकडे मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं, आणि सबरीला ती एकच मुलगी.

कैदी म्हणून तो पक्का मुरलेला होता. नारिंगी कपडे चढवताना मला विचारायचा, "यल्दा, आज मी निर्दोष आहे की नालायक?" एखादं पोरगं आत येऊन टेबलावर मूठ आपटायला लागलं की हा जांभई द्यायचा. बाहेर आल्यावर त्यालाच झापायचा, "अरे बाबा, शिव्या मग दे, आधी पाणी तरी विचार! माझ्या घरी कुत्रं आलं तरी मी पाणी ठेवतो."

घरी मात्र हा माणूस वेगळा होता. मोसुलमध्ये तो अमेरिकनांचा दुभाषा झाला, म्हणून लोकांनी त्याच्या जावयाला मारून पायाने अधू केलं. सबरीला व्हिसा मिळाला, मुलगी-जावई मागे राहिले. रिहाबने निरोप धाडला, की मला बाप नाही. तरी हा दर शुक्रवारी फोन लावायचा. पलीकडे फोन वाजत राहायचा. मग तो मला म्हणायचा, "झोपली असेल." मोसुलमध्ये तेव्हा संध्याकाळ असायची.

एका तुकडीत कोल्बी नावाचं पोरगं होतं, नेब्रास्काच्या शेतातलं, लाल कानांचं. पाणी विचारणारा तो पहिलाच. सबरी त्याच्यावर असा काही खूष झाला की सुट्टीच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवायला लागला. भरलेले कांदे, भात, वर गोड चहा. कोल्बी त्याला आमच्यासारखं अम्मो म्हणायला शिकला, म्हणजे काका. "अम्मो, अजून एक कांदा," म्हणायचा, आणि सबरी दोन वाढायचा.

एकदा जेवताना कळलं, की कोल्बीचा मोठा भाऊ मोसुललाच चौकीवर आहे. सबरीचा हात ताटातच थांबला. त्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "बेटा, तुझ्या भावाला सांगशील? आमच्या गल्लीत जा म्हणावं. गणवेशात नको, माझ्या पोरीला त्रास होईल. कुणाच्या तरी हाती निरोप दे. एकदा फोन उचल म्हणावं, बोलली नाहीस तरी चालेल."

"बघतो, अम्मो," कोल्बी म्हणाला.

पुढे परीक्षा आली. सबरीकडे स्फोटकं लपवणाऱ्या एका माणसाची भूमिका होती, आणि दुभाषा म्हणून मी मध्ये बसलो होतो. सबरीला इंग्रजी येतं, पण कैद्याला येत नसतं, म्हणून पोराचं प्रत्येक वाक्य मी अरबीत सांगायचं. नियम सोपा होता. पोराने मन जिंकलं तर कैद्याने जागा सांगायची, नाहीतर तोंड बंद. भूमिकेच्या कागदावर त्या कैद्याला एक आजारी मुलगा दिलेला होता. हुशार पोरं त्या मुलावरून सुरुवात करायची.

कोल्बीने मुलाचं नावही काढलं नाही. पाणी दिलं, खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "माझा भाऊ तुमच्या गल्लीत जाऊन आला. रिहाब भेटली."

मी थबकलो. कोल्बीने माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे सांगा. मला वाटलं, खरंच भेटली असेल! मला आनंद झाला हो, खोटं कशाला बोलू. मी अरबीत सांगितलं, "रिहाब भेटली."

सबरी उठून उभा राहिला. कैद्याला इंग्रजी येत नाही हे तो विसरला. "काय म्हणाली?" त्याने इंग्रजीतच विचारलं.

"सांगतो. आधी तुम्ही जागा सांगा."

सबरीने जागा सांगितली. माणसांची नावं सांगितली, कागदावर होतं ते सगळं भडाभडा ओकला, आणि ओकताना रडत होता. काचेमागे परीक्षा घेणारा सार्जंट बसला होता. त्याने दार उघडून कोल्बीच्या पाठीवर थाप मारली.

बाहेर बोळात सबरीने पोराची बाही धरली. "आता सांग बेटा, काय म्हणाली?"

कोल्बीचे कान पेटले होते. "अम्मो, ती परीक्षा होती. मी भावाला अजून विचारलेलंच नाही."

मी सार्जंटवर ओरडलो. म्हटलं, हे कुठल्या नियमात बसतं? त्या माणसाची खरी मुलगी आहे ती! तो शांतपणे म्हणाला, "तिकडे गेल्यावर समोर खरीच माणसं असणार आहेत." कोल्बी तुकडीत पहिला आला. पुढच्या तुकडीला हाच प्रसंग धडा म्हणून शिकवला, आणि आमच्या घरच्या गोष्टी काढून घ्यायला पोरं मिठाईचे खोके घेऊन आमची दारं ठोठावू लागली. सबरीने दार उघडणं सोडलं. मला म्हणाला, "यापुढे मला सबरी म्हण." शुक्रवारचा फोनही बंद झाला. काम मात्र सोडलं नाही. सोडून खाणार काय?

हिवाळ्यात मी त्याच्याकडे चहाला बसलो असताना फोन वाजला. कोल्बी होता, मोसुलहून. त्याची नेमणूक तिथेच झाली होती. सबरीने फोन मोठ्या आवाजावर टाकला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"अम्मो, मी स्वतः गेलो होतो," पोरगं घाईघाईने सांगत होतं. "गणवेशात नाही. ती म्हणाली, शर्टाच्या खिशात कलिंगडाच्या बिया तशाच ठेवून शर्ट धुवायला टाकू नका. आणि शुक्रवारी फोन करा म्हणाली. ती वाट बघणार आहे. अम्मो? ऐकताय ना?" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"शाब्बास," सबरी म्हणाला. "आता पाणी विचारायचीही गरज नाही तुला." आणि त्याने फोन ठेवला.

त्या बियांवरून रिहाब बापाला रागवायची, ते मी पलीकडच्या गच्चीवरून कितीदा ऐकलं होतं. "अरे, हे खरं आहे!" मी म्हटलं. "असलं कुणाला सुचेल?"

"बिया मी इथेही खातो. अख्ख्या छावणीने पाहिलंय."

"तो रडत होता."

"तेही शिकवतात."

"बरं, तू नको करूस. मी करतो तिला फोन. फक्त तिचा नंबर दे."

सबरीने पेला खाली ठेवला. मला त्याच्या डोळ्यांत ओळख दिसेना. आम्ही एका गल्लीत वाढलो, एकाच विमानाने इथे आलो.

"नंबर कशाला हवाय तुला, यल्दा?" तो म्हणाला. "कुणी आणायला सांगितलाय?"