मागचे गुरुजी

अर्जदार: स्त्री, वय त्रेपन्न. व्यवसाय: गृहिणी. विद्या: वडिलांच्या शेजारी बसून, बावीस वर्षं. सभागृह समितीचा निर्णय: अर्जदारास पुरोहितांच्या यादीत घेता येत नाही, भावास मदत करीत राहण्यास हरकत नाही.

हरकत कधी नव्हतीच. अकरा वर्षं धाकटा भाऊ पुढे पाटावर बसून ओठ हलवत होता आणि ताई त्याच्या पाठीशी, समिधा लावून देण्याच्या निमित्ताने, एक ओळ आधी मंत्र सांगत होती. भाऊ विमा कचेरीत साहेब. वडिलांची वही त्याच्या मांडीवर असे, पण ते अक्षर फक्त ताईलाच लागे. फुलवाल्यापासून फोटोवाल्यापर्यंत सगळे तिला ‘मागचे गुरुजी’ म्हणत. समितीच्या सचिवांनाही हे ठाऊक होतं. यादीला ठाऊक नव्हतं.

निर्णयाचा कागद आला त्याच आठवड्यात सभागृहात एक लग्न होतं. सकाळी सोवळ्याच्या निऱ्या सावरणाऱ्या भावाला ताई म्हणाली, “आज मी मागे बसणार नाही.”

“मग कुठे बसणार?”

“पुढे बसवलंत तर पुढे. नाहीतर पाहुण्यांत.”

“चेष्टा पुरे, ताई.”

ती चांगली साडी नेसून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली, मांडीवर पर्स घेऊन.

गणपतीपूजनापर्यंत भावाने निभावून नेलं. मग गाडी अडली. तो दोनदा खाकरला. पुढची ओळ हवी असली की तो असाच खाकरत असे. ताईने पर्सची चेन लावली.

शेवटी जे पाठ होतं तेच त्याने सुरू केलं. पाठ एकच होतं: वडिलांचं वर्षाचं श्राद्ध. सवयीने जानवं उजव्या खांद्यावर गेलं, तोंड दक्षिणेकडे वळलं, आणि नवरानवरीला समोर बसवून तो पितरांना आवाहन करू लागला.

“अहो गुरुजी,” नवरीची आत्या म्हणाली, “मुलीचं लग्न लावताय, की आमचं तेरावं घालताय?”

भावाने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. “ताई, ये ना गं.”

“मागे नाही येणार.”

भाऊ पाटावरून उठला आणि वही तिच्या हातात देऊन बाजूला उभा राहिला.

सचिव लगबगीने आले. “असं परस्पर कसं चालेल? समितीला विचारावं लागेल.”

“विचारा की,” पाटावर बसत ताई म्हणाली. “तोवर सप्तपदी उरकते.”

नवरीने पदर सावरला. “करा सुरू, बाई. पाय अवघडलेत.”

ताईने वहीचं पान उलटलं आणि वडिलांच्या वेळी वाड्याच्या टोकापर्यंत जायचा तसा, मोकळा आवाज लावला. अकरा वर्षं ती कुजबुजत होती, त्यामुळे पहिल्या ओळीला फोटोवाला दचकला.

सभागृहाच्या नोंदवहीत त्या तारखेसमोर पुरोहित म्हणून भावाचं नाव आहे. लग्न ताईने लावलं.