सुलतानाच्या गावाहून आणलेला कुजा

मलेशियाला निघताना मी आमच्या घराचं कुलूप एकदा तपासलं आणि शेजारच्या घराचं पाच वेळा. वॉटफर्डच्या आमच्या गल्लीत शेजारी राहते रोकिया मकचिक (मलय भाषेत मावशी). खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती लीड्सला मुलीकडे गेली होती. कुंड्यांना पाणी घालायला तिची किल्ली आमच्या खुंटीवर होती. वीस वर्षं ती किल्ली तिथेच आहे, आणि आता ती जाणार अशी मला खात्री होती.

कारण माझा गुन्हा. नवरात्रात घटस्थापनेला मातीचा घट हवा होता. वेम्बलीच्या दुकानातले संपलेले, आमचा तांब्याचा कलश लॉफ्टमध्ये, आणि लॉफ्टची शिडी उघडायचा मला कंटाळा. मकचिकच्या खिडकीत तिच्या आईचा काळा कुजा होता. तिच्या गावाकडे त्याला लाबू (भोपळा) म्हणतात, आकारच तसा. मी तो उचलला, मातीत बसवला, भोवती गहू पेरले, शेजारी अखंड दिवा लावला. गहू झकास वाढले. दसऱ्याला पाहिलं तर दिव्याच्या बाजूने तळापासून गळ्यापर्यंत तडा.

"फोन करा आणि सांगा," सुनीता, माझी बायको, म्हणाली.

"अगं, आपण तिच्याच गावाला चाललोय! तसाच नवा आणू, गुपचूप ठेवू."

"अहो, तुम्ही माणूस आहात की मांजर? डोळे मिटून दूध पिताय."

मलेशियाची तिकिटं उन्हाळ्यातच काढलेली, तीही मकचिकच्या आग्रहाने. "लंडनचा राजवाडा बघत बसता, आमच्या सुलतानाचं गाव बघून या," असं ती कायम म्हणायची. आम्ही परतल्यावर तीन दिवसांनी ती घरी येणार होती.

क्वालालंपूरहून ट्रेनने क्वाला कांगसारला उतरलो. पेराक राज्याच्या सुलतानांचं हे गाव, रुंद, चहाच्या रंगाच्या नदीकाठी. उन्हाने पहिल्या दहा मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटवला. आधी जुना लाकडी राजवाडा गाठला. भिंती विणलेल्या बांबूच्या, पिवळ्या-काळ्या चौकटींच्या. पिवळा हा इथे राजाचा रंग. अख्ख्या इमारतीत एक खिळा नाही म्हणतात. सुनीता विणकाम बघत होती. मी हात खिशात घालून उभा होतो. अलीकडे मी काहीही हाताळलं की तडा जातो, असं मनाने घेतलं होतं.

टेकडीवरची मशीद सोनेरी घुमटाची, इतकी झगझगीत की डोळ्यांवर हात धरावा लागला. पायऱ्यांपाशी सावलीत बसलेल्या पांढरी टोपी घातलेल्या आजोबांनी इंग्रजीत गोष्ट सांगितली. मशीद बांधताना इटलीहून संगमरवर आणला होता. राजघराण्याचे दोन हत्ती तिथे झुंजले आणि सगळ्या लाद्यांचा चुरा केला.

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मग काय, पुन्हा मागवल्या."

"आणि हत्तींना काय केलं?"

"हत्तींना कोण काय करणार?" आजोबा खळखळून हसले.

सुनीता माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "हुरळून जाऊ नका. तुम्ही राजघराण्यातले नाही."

दुपारी नदीकाठी लाक्सा (माशाच्या आंबट रश्श्यातल्या जाड शेवया) खाल्ल्या. एरवी मी दुसरा वाडगा मागवला असता. त्या दिवशी अर्धा तसाच राहिला. सुनीताने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

नदीपलीकडे सायोंग गाव. हे कुजे तिथेच घडतात. कारखान्याची मालकीण पन्नाशीची, डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत माती. भट्टीतून निघालेला लालबुंद कुजा भाताच्या तुसात पुरला की काळा होतो, हे तिने दाखवलं. मी फळीवरचे कुजे एकेक उचलून बोटाच्या पेराने वाजवू लागलो, कान लावून. आपल्याकडे मडकं असंच घेतात. ती हसली. "माझी आजीपण अस्संच करायची."

धीर आला. मी फोनवर मकचिकच्या कुज्याचा फोटो दाखवला. "हुबेहूब असा हवा."

तिने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "हा हाताने थापलेला आहे. आमचे साच्यातले. असा आता माझ्याकडे नाही." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "नवा न्या. पण जुना म्हणून देऊ नका. ज्याचा असेल तो हात लावताच ओळखेल."

सुनीताने पर्स उघडून नव्या कुज्याचे पैसे दिले.

परतताना विमानात नवा कुजा तेरा तास मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या प्रवाशाने हळूच विचारलं, "अस्थी आहेत का?" मी म्हटलं, "माझ्याच."

मकचिक काठी टेकत आली, तेव्हा तिच्या टेबलावर दोन्ही कुजे ठेवून मी उभा होतो. हीथ्रोपासून घोकलेलं भाषण पहिल्या वाक्यातच संपलं. "मी न विचारता नेला, आणि तडकला."

तिने तड्यावरून बोट फिरवलं. "काय ठेवलं होतंस यात?"

"पाणी. बाजूला दिवा. देवीसमोर, नऊ दिवस."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"माहीत होतं," मी म्हणालो. ते मला माहीत होतं, हे मात्र त्या क्षणीच कळलं.

"किल्ली," तिने हात पुढे केला. मी दिली. तिने आईचा कुजा पुन्हा खिडकीत ठेवला, तडा भिंतीकडे करून. नव्यात पाणी भरलं, पेला पुढे केला नाही. मी घरी आलो. महिनाभर रिकामी खुंटी दिसू नये म्हणून मी तिच्यावर टोपी अडकवत होतो.

मग एका सकाळी दार वाजलं. मकचिक, कोट घालून, हातात किल्ली.

"लीड्सला चेकअप आहे. चार दिवस. कुंड्यांना पाणी घाल."

"हो, मकचिक."

"फक्त कुंड्यांना."

सुनीताने टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि किल्ली खुंटीला लावली. संध्याकाळी मी पाणी घालायला गेलो. त्या खिडकीपाशी आलो की मी कोपरं अंगाशी घेतो, श्वास धरतो आणि आडवा होऊन पलीकडे सरकतो. संगमरवराजवळून त्या हत्तींनी जसं जायला हवं होतं, तसा.